सातव्या डब्यावरची फुली

सकाळी चहा घेताना अण्णांनी विचारलं, "सात नंबरच्या डब्यावर मी फुली मारली होती ना गं?" आणि कपावरची नजर न उचलता मी म्हणाले, "मला नाही आठवत." एवढंच बोलणं झालं. अण्णांनी मान हलवली. बरेच दिवस येणार येणार म्हणून माहीत असलेलं पत्र शेवटी हातात पडावं, तशी. मग त्यांनी कप खाली ठेवला. उजवा हात कापतो, त्यामुळे कप बशीवर दोनदा वाजला. उठून ते मागच्या खोलीत जातील असं मला वाटलं होतं, पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने वळून पाहिलं नाही, फक्त सुरीचा पुढचा ठोका जरासा उशिरा पडला. असले उशीर मला ऐकू येतात. हा गुण आहे की कामामुळे लागलेली खोड, हे मी अजून ठरवलेलं नाही. पर्स खांद्याला लावून मी जिना उतरले, बसच्या रांगेत उभी राहिले आणि बस येईपर्यंत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. अंगठा स्वच्छ होता. शनिवारी दुपारी त्याला पांढरं काहीतरी लागलं होतं आणि मी ते रुमालाला पुसून टाकलं होतं.

फुली होती. खडूची, तांदळाच्या दाण्याएवढी, डब्याच्या डाव्या बाजूला, दाराच्या वर. तीन आठवड्यांपूर्वी अण्णांनी खडू ब्लेडने तासून, मनगट टेबलावर टेकवून ती काढली होती, आणि त्यांना तेवढ्यासाठी किती वेळ लागला हे मी दारातून पाहिलं होतं. मला नाही आठवत, म्हणे. माझ्याइतकं नेमकं ते कुणालाच आठवत नसेल.

अण्णा चौतीस वर्षं मालगाड्यांचे तपासनीस होते. यार्डात गाडी लागली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, लांब दांड्याच्या हातोडीने प्रत्येक चाकावर टोला मारायचा, आवाज ऐकायचा, आसाच्या पेटीला हात लावून ताप बघायचा, आणि काही खटकलं तर डब्यावर खडूने फुली. फुलीवाला डबा पुढे जात नाही, मग स्टेशनमास्तर फोनवर कितीही तापो. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असताना, त्यांनी मला बरोबर नेलं होतं. माझा हात धरून पेटीला लावला आणि म्हणाले, हाताची पाठ लावायची, तळवा नाही. तळव्याला कामाचे घट्टे पडतात, तो काहीही खपवून घेतो. त्याच दिवशी त्यांनी मला एक सुटी जोडी दाखवली, एका आसावर घट्ट बसवलेली दोन चाकं. चाक सरळ कापलेलं नसतं, आतून बाहेर किंचित निमुळतं असतं. जोडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचं चाक मोठ्या घेरावर चालतं, दुसरं लहान घेरावर, आणि जोडी आपली आपण मध्यावर परत येते. कुणी ढकलावं लागत नाही. पुढे कॉलेजात हे गणिताने शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटी कंटाळले होते. पण त्या दिवशी यार्डात मला जे आवडलं ते वेगळंच होतं. परतताना एका डब्यावर दुसऱ्याच कुणाची तरी जुनी फुली होती, डबा तर चांगला दिसत होता. मी ती पुसायला गेले तर अण्णांनी माझं मनगट पकडलं. दुसऱ्याची खूण पुसायची नसते. ज्याने दुरुस्त केलं त्याने आधी काय केलं ते लिहायचं, सही करायची आणि मग पुसायची. न लिहिता पुसलेली फुली म्हणजे दोन गुन्हे, असं काहीतरी ते म्हणाले, आणि दुसरा गुन्हा कोणता हे मी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर माझ्या धाकट्या भावाच्या रिकाम्या खोलीत अण्णांनी छोट्या रेल्वेचा बोर्ड घातला. दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूड, त्यावर लंबगोल रूळ, एका बाजूला चार फाट्यांचं यार्ड, खिडकीपाशी घट्ट वळण. अकरा वर्षांत बावीस डबे झाले. सगळे मालडबे. प्रवासी डबे त्यांनी कधीच केले नाहीत; प्रवाशांना बोलता येतं, म्हणायचे, त्यांचं ते बघून घेतील. गंजाचा रंग तीन थरांत द्यायचा, दाराची कडी एका बाजूला वाकलेली दाखवायची, कारण ती सगळीकडे तशीच वाकलेली असते. पाहुण्यांनी 'खेळणी' म्हटलं की अण्णा खोलीचा दिवा बंद करायचे. आई सगळ्यांना सांगायची, "लग्न ठरवताना मुलगा रेल्वेत आहे म्हणाले होते. म्हातारपणी रेल्वे मुलात शिरेल, हे कुणी बोललं नाही." पण धूळ पुसायला तीच जायची, आणि रुळांमधून फडकं फिरवताना तिचा हात कुठेही अडकायचा नाही.

प्रत्येक डब्याचं एक कार्ड आहे. बुटांच्या खोक्यात बावीस कार्डं. 'आढळलं', 'केलं', तारीख, सही. घरात तपासनीस एकच, डबे त्याचेच, तरी सही. आणि डब्यांची वजनं मुद्दाम सारखी नाहीत. काही भरलेले, शंभर ग्रॅमच्या आसपास, पोटात शिसं चिकटवलेलं. काही रिकामे, साठ ग्रॅमचे. पुस्तकात सगळ्यांना लांबीच्या हिशेबाने सारखं वजन द्या असं लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी घसरत नाही. अण्णांना ते पटत नाही. खऱ्या गाडीत भरलेले-रिकामे मिसळलेलेच येतात, मिळेल तशी गाडी न्यावी लागते. इंजिन आणि जड डबे यांच्यामध्ये हलका डबा आला की वळणावर दोन्हीकडची ओढ त्याला आतल्या बाजूला खेचते, आणि त्याला रुळावर धरून ठेवायला वजन पुरत नाही. तरीही तो टिकला पाहिजे. चाकं बिनचूक असतील, जोडणीचा हूक मोकळा असेल तर टिकतो. सात नंबर हा असा रिकामा डबा. आठ महिन्यांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तोपर्यंत तो वर्षानुवर्षं टिकत होता.

झटका सौम्य होता. सौम्य हा शब्द डॉक्टरांनी इतक्यांदा वापरला की आईने एकदा विचारलं, कडक असता तर काय केलं असतं. उजवा हात थरथरू लागला, आणि काही शब्द यायला वेळ लागू लागला. येत मात्र बरोबर. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काम करू द्या. धाकटा फोनवर म्हणाला, झेपत नसेल तर बोर्ड उचलून टाकू, उगाच मनस्ताप. मग सात नंबर खिडकीच्या वळणावर घसरायला लागला. दर दोन-तीन फेऱ्यांना एकदा, आत कलंडायचा. अण्णांनी फुली मारली, कार्डावर 'आढळलं' लिहिलं आणि कारण शोधायला बसले. तीन आठवडे. डबा उचलायचे, चाकांकडे बघायचे, खाली ठेवायचे. हातातून दोनदा पडला. एका संध्याकाळी मी जेवायला बोलवायला गेले तर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, समोर डबा आडवा, आणि मला म्हणाले, "पूर्वी हे मला अर्ध्या तासात दिसलं असतं." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. हवामान सांगावं तसं ते सांगत होते. मला ते सहन झालं नाही.

शनिवारी दुपारी आई त्यांना हाताच्या व्यायामाला घेऊन जाते. दीड तास मिळतो. मी डबा उचलला. अंगठा नेमका कुठे टेकला ते पाहिलं नाही. तळाखाली शिशाची पट्टी चिकटवली, हुकाला पेन्सिलीच्या शिशाची पूड लावून तो मोकळा केला, आणि वर आणखी खात्री म्हणून चाकांची एक जोडी काढून सुट्या भागांच्या डबीतली दुसरी बसवली. वीस मिनिटं लागली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. संध्याकाळी गाडी वीस फेऱ्या फिरली, सात नंबर वळणावरून शहाण्या मुलासारखा गेला, आणि अण्णांनी वीजपुरवठ्याचं बटण शून्यावर आणलं. मी वाट पाहत होते, ते हसतील म्हणून. ते वाकून डब्याच्या डाव्या बाजूकडे बघत राहिले. रविवारी त्यांनी गाडी चालवलीच नाही. खोलीत बसले, बाहेर आले, पुन्हा जाऊन बसले. आज सकाळी विचारलं.

मी वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांची, औषधविक्रेत्यांची, इतर प्रयोगशाळांची वजनं आमच्याकडे येतात. ती अजून तेवढीच आहेत का, हे आम्ही सांगतो. तराजूच्या खोलीला दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत गेल्यावर लगेच काम सुरू करता येत नाही. माणसाचं अंग गरम असतं, त्याने हवा हलते आणि शेवटचा आकडा जागेवर राहत नाही. म्हणून बसायचं. नवीन आलेल्यांना हे बसणं जड जातं, मला ते नोकरीतलं सगळ्यात आवडतं. आज बसले तर बसवेना. समोर एका औषधविक्रेत्याची पितळी वजनांची पेटी होती आणि तक्त्यावर पहिला रकाना 'आलं तसं'. कुठलंही वजन पुसण्याआधी, घासण्याआधी, जुळवण्याआधी ते जसं आलं तसं तोलायचं आणि आकडा इथे लिहायचा. तो लिहिला नाही तर ते वजन वर्षभर किती खोटं बोललं हे कधीच कळत नाही. पुढे तुम्ही कितीही अचूक करून द्या. गेल्या वर्षी आमच्या सहायिकेने एक काळं पडलेलं वजन आधी स्वच्छ पुसलं आणि मग तोललं. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. माझा आवाज चढत नाही, त्यामुळे जास्त लागतं, असं ती नंतर कुणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं. ती एवढंच म्हणाली होती, "मॅडम, फार घाण दिसत होतं हो. बिचारं वाटलं." मी म्हटलं होतं, बिचारं वाटण्याचा रकाना आपल्याकडे नाही.

पेन हातात धरून मी त्या रकान्याकडे पाहत राहिले. मी शिसं तोललं नव्हतं. डबा आधी किती होता, तोललं नव्हतं. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि असं कुणी माझ्यासमोर केलं असतं तर मी त्याला पहिल्या वर्षाच्या वर्गात परत पाठवलं असतं. आणि जुनी चाकजोडी मी डबीत टाकली होती, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जोड्यांमध्ये. डबा आता का घसरत नाही, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांच्या बाजूने पाहिलं तर आणखी वाईट होतं. त्यांनी एक दोष पाहिला होता, खूण केली होती. आता दोषही नव्हता आणि खूणही नव्हती. कार्डावर त्यांच्याच कापऱ्या अक्षरात 'आढळलं' होतं, बाकी साक्षीदार म्हणून मी, आणि मी म्हणाले, मला नाही आठवत. चौतीस वर्षं ते म्हणत आले की सापडलेल्या दोषाला घाबरायचं नसतं, आपोआप गेलेल्याला घाबरायचं. डब्यातून तो दोष आपोआप गेला, म्हणजे त्याला एकच जागा उरली होती: त्यांचं डोकं. मी त्यांच्या डोक्यावर फुली मारली होती आणि सहीसुद्धा केली नव्हती. शेवटचा आकडा स्थिर होईना. सहायिकेने काचेतून विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, आज पेटी तू घे. ती इतकी चकित झाली की थँक्यू म्हणाली.

घरी पोचले तर मागच्या खोलीचं दार बंद. अण्णा बाहेर खुर्चीत, पायांत चपला, कुठे जायचं नसताना. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. कार्डांचं खोकं तिने आपल्या कपाटात, साड्यांवर ठेवलं होतं. दुपारी त्यांनीच दिलं म्हणाली, जपून ठेव म्हणाले, माझ्याकडे नको. आणि धाकट्याला फोन केला, रविवारी टेम्पो घेऊन ये, बोर्ड घेऊन जा, कुणाला द्यायचा त्याला दे. धाकटा लगेच हो म्हणाला. आईने हे सगळं भाजी निवडल्यासारखं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तू शनिवारी काय केलंस ते मला माहीत आहे. शिशाचे तुकडे केरात होते. मी दोन दिवस गप्प आहे, कारण हे तुझं तू निस्तरायचं."

मी अण्णांसमोर स्टूल घेऊन बसले. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आलं नाही.

"फुली होती, अण्णा. मी पुसली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द यायला वेळ लागला. मी तो भरून काढला नाही.

"कधी?"

मी सांगितलं. शनिवार, दुपार, अंगठा. फुली चुकून पुसली गेली, पण डबा चुकून उचलला नव्हता, हेही. मग त्यांनी एकेक करून विचारलं, यार्डातल्या चौकशीसारखं, आवाज न चढवता. तो न चढणारा आवाज मला कुठून आला ते तेव्हा कळलं. शिसं कुठे लावलं. हुकाचं काय केलं. चाकं का बदलली. किती ग्रॅम? मी म्हटलं, तोललं नाही.

"तू?" अण्णा म्हणाले. "तू तोललं नाहीस?"

दारात उभी असलेली आई म्हणाली, मग तिला नोकरीवरून काढा आणि जेवायला बसा दोघं. कुणी हसलं नाही. तिनेही अपेक्षा केली नव्हती.

"तुला वाटलं, माझ्याच्याने होणार नाही," अण्णा म्हणाले.

नाही म्हणणं सोपं होतं. सकाळी तर किती सहज जमलं होतं. मी म्हटलं, "हो. वाटलं."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर थरथरत होता, त्यांचा नसल्यासारखा. मग ते म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर शोधत होतो. दोष सापडला असता तर निदान एक कळलं असतं. आणि दोन दिवस तर मला वाटत होतं की ती फुली मी स्वप्नात मारली. मी पुढे झाले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चपला काढल्या. आईला म्हणाले, खोकं आण.

जेवणाला वेळ होता, बाहेर अजून उजेड होता. सात नंबरच्या कार्डावर मला माझ्या हाताने लिहायला लावलं: शिसं लावलं, वजन घेतलं नाही. हूक मोकळा केला. चाकजोडी बदलली, जुनी कोणती माहीत नाही. खुणेवर अंगठा लागला. सही. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकी लाजिरवाणी सही मी केली नव्हती. मग उलट चालू केलं, एका वेळी एक. मी पट्टी काढली. गाडी पंधरा फेऱ्या फिरली, डबा टिकला. अण्णांनी लिहायला सांगितलं. हुकाची पूड परत काढता येत नव्हती; तेही लिहिलं. डबीत सहा जोड्या निघाल्या, सगळ्या सारख्या तपकिरी, आणि त्यांतली कोणती सात नंबरची हे ना मला सांगता येत होतं ना त्यांना. एकेक बसवून बघू, म्हणाले. पहिली टिकली. दुसरी टिकली. प्रत्येकीला पंधरा फेऱ्या. गाडी खिडकीपाशी आली की दोघांच्याही माना तिच्याबरोबर वळायच्या. आईने एकदा दारातून डोकं घालून विचारलं, ही गाडी जेवायच्या स्टेशनला थांबते का. तिसरी जोडी बसवली. चौथ्या फेरीला वळणावर सात नंबर थरथरला, आतलं चाक रुळावर चढलं आणि डबा हळूच कलंडला.

माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावू नकोस," अण्णा म्हणाले. "आधी बघ."

मी हात मागे घेऊन मांडीखाली घातला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. पुढचं चाक कुठे चढलं, हूक कोणत्या बाजूला ताणला गेला, मागच्या आठ नंबरने किती रेटलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एक-दोन शब्द उशिरा आले, आले ते बरोबरच होते. हीच ती जोडी का? असेल, अण्णा म्हणाले, नसेलही. त्याला आता इलाज नाही. मग त्यांनी जोडी काढली आणि खणातून व्हर्नियर काढलं, चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजायला. ते चौदा पूर्णांक चार मिलिमीटर हवं. जबडे उघडून आत घालायचे, हलकेच टेकवायचे आणि आकडा वाचायचा. एवढंच काम, मला दहा सेकंदांचं. त्यांचे जबडे चाकाला लागून पुन्हा पुन्हा किणकिणत होते. कोपर टेबलावर टेकवलं, मनगट डाव्या हाताने धरलं, श्वास रोखला. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. मी दोन्ही हात पुन्हा मांडीखाली घातले.

"चौदा पूर्णांक एक," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

चौदा पूर्णांक एक असेल, तर जोडी आत दबलेली होती. कारण सापडलं होतं, ते त्यांनी शोधलं होतं, आणि रविवारचा टेम्पो येणार नव्हता. पण हात कापत होता, आणि कापऱ्या हातात जबडे पुरते टेकले नाहीत तर अंतर कमी दिसतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तो आकडा तसाच कार्डावर उतरवावा आणि दिवा बंद करून जेवायला जावं, असं मला वाटलं. शनिवारी मला असंच काहीसं वाटलं होतं. मी पेन उचललं, आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन मोकळ्या ओळी सोडल्या.

"अजून दोनदा घ्या, अण्णा. एका रीडिंगवर मी सही करत नाही."

त्यांनी डोळे बारीक केले. क्षणभर मला वाटलं, आता उठून जातील. "बापाला शिकवते," ते आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, हात पँटला पुसला, बोटं दोनदा उघडमीट केली आणि व्हर्नियर शून्यावर आणून पुन्हा जोडीवर वाकले. आतून आईने हाक मारली. किणकिण थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. दुसरं रीडिंग चौदा पूर्णांक दोन आलं. मी ते पहिल्याच्या खाली लिहिलं आणि तिसऱ्याची वाट पाहत बसले.